इच्छा नंतर येते: नैराश्यावरील उपचार समजून घेताना

म्हापसा असो, फोंडा असो की डिचोली, कोणत्याही फार्मसीच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रश्न कधी ना कधी कानावर पडतोच. चिठ्ठी पुढे सरकवणारा माणूस इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ह्याची सवय तर लागणार नाही ना?" रक्तदाबाची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते, तरी तिच्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो नैराश्यावरच्या गोळीच्या वाट्याला येतो.

गेल्या काही वर्षांत त्यात दुसऱ्या शंकेची भर पडली आहे. २०२२ मध्ये लंडनमधील संशोधकांच्या एका गटाने अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मेंदूतील सेरोटोनिन नावाचे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येते, या लोकप्रिय समजुतीला सुसंगत पुरावा सापडत नाही, असे त्यांनी मांडले. ही बातमी जगभर गेली आणि व्हॉट्सॲपवर पोहोचेपर्यंत तिचे रूप बदलले. 'गोळ्या म्हणजे फसवणूक आहे, चालायला जा, योगासने करा, आपोआप बरे वाटेल' असे संदेश फिरू लागले. ज्याच्या घरात कोणी नुकतीच गोळी सुरू केली आहे, त्याने अशा वेळी काय समजावे?

बातमी बरोबर, निष्कर्ष चूक

सेरोटोनिनच्या कमतरतेची कथा फार सोपी करून सांगितली गेली होती, हे मान्य केले पाहिजे. डॉक्टरांनी ती रुग्णांना पटकन समजावी म्हणून सांगितली, औषध कंपन्यांनी ती जाहिरातींसाठी वापरली, आणि सांगता सांगता ती सिद्ध झाल्यासारखी वाटू लागली. मात्र कारणाची कथा चुकली म्हणून उपायही चुकला, असे होत नाही. अंगावर पित्त उठले की आपल्याकडे कोकमाचे आगळ लावतात आणि त्याने खाज शमते. पण शरीरात कोकम कमी पडल्यामुळे पित्त उठले होते, असे कोणी म्हणत नाही. औषध उपयोगी पडते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या माणसांची तुलना करूनच मिळते.

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी ज्या आजाराविषयी आपण बोलतो आहोत त्याची ओळख करून घ्यावी लागेल, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

हे नेहमीचे दुःख नव्हे

घरातले माणूस गेले, धंदा बुडाला, मुलगा परदेशी निघून गेला आणि घर रिकामे झाले, तर मन खचते. ते खचणे हा आजार नाही. दुःखात बुडालेला माणूसही नातवंडाने गळ्यात हात टाकला की क्षणभर हसतो, आवडीचे कालवण झाले तर दोन घास जास्त खातो. नैराश्य या आजारात हीच क्षमता हरवते. बहुतेक वेळ मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी निदान एक लक्षण सलग दोन आठवडे टिकते. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक बदलते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत किंवा अपराधी आहोत असे वाटते, हालचाली व बोलणे मंदावते किंवा उलट अस्वस्थपणा वाढतो, आणि मरणाचे विचार येतात. ही लक्षणे पुरेशा संख्येने एकत्र आली आणि त्यांच्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात.

मोजमापासाठी 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि एकूण गुण २७ पर्यंत जाऊ शकतात. गुण १० किंवा त्याहून अधिक आले तर नीट तपासणी करून घ्यावी, असे मानतात. ही यादी म्हणजे निदान नव्हे. तापमापकाला जेवढे कळते तेवढेच तिला कळते.

आपल्याकडची अडचण अशी की 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत डॉक्टरांकडे जाणारे फार थोडे. बहुतेक जण अंगदुखी घेऊन येतात, डोके जड झाल्याचे सांगतात, झोप लागत नाही म्हणतात, अंगात त्राण नाही म्हणून सलाइन लावायला सांगतात. ते खोटे बोलत नसतात. हा आजार शरीरातही असतो आणि शरीराच्याच भाषेत बोलतो. म्हणून उलटी काळजीही घ्यावी लागते: थायरॉइडची ग्रंथी मंदावणे, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही असाच थकवा व उदासी येऊ शकते, त्यामुळे रक्ताच्या काही साध्या तपासण्या आधी करून घेणे शहाणपणाचे असते. चांगला डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतो, तो ऐकून घरच्यांना नवल वाटते: पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवायही प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, अखंड बडबड असे झाले होते का? उत्तर 'हो' असेल तर आजार द्विध्रुवी प्रकारचा असू शकतो आणि अशा माणसाला नैराश्यावरची नुसती गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. ही माहिती रुग्णापेक्षा बायकोला किंवा भावाला जास्त नीट आठवते, म्हणून पहिल्या भेटीला घरचे कोणीतरी सोबत असावे.

गोळीचा शोध चुकूनच लागला

१९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात 'इप्रोनियाझिड' हे नवे औषध क्षयासाठी देऊन पाहिले जात होते. तेव्हा काही रुग्ण अनपेक्षितपणे आनंदी व उत्साही झाले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची वर्णने वृत्तपत्रांत आली. पुढे १९५७ मध्ये हेच औषध नैराश्यासाठी वापरले जाऊ लागले, आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञांना दुसऱ्याच आजारासाठी बनवलेल्या 'इमिप्रामिन'चा असाच गुण दिसला. आधी औषध हाती आले, मग ते मेंदूत काय करते हे पाहिले गेले, आणि त्यावरून आजाराचे कारण काय असावे याचा अंदाज बांधला गेला. सेरोटोनिनची कथा अशी शेपटाकडून तोंडाकडे रचलेली आहे. म्हणूनच ती डळमळली तरी औषधाला धक्का लागत नाही.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या गटाला 'एसएसआरआय' म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन, तसेच सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्रॅम ही त्यांतली परिचित नावे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन सोडतात आणि निरोप पोहोचल्यावर ते परत ओढून घेतात. ही परत ओढण्याची क्रिया या गोळ्या मंदावतात. पण हे काम काही तासांतच होते, तर मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. म्हणजे गोळी थेट आनंद पुरवत नाही. तिच्यामुळे मेंदूतील जाळ्यांमध्ये हळूहळू फेरबदल होतात, आणि समोरच्याचा चेहरा रागीट वाटण्याऐवजी साधा वाटणे, चांगली गोष्ट लक्षात राहणे, असे बारीक बदल आधी घडून मग मन वर येते, असा एक सबळ अंदाज आहे. रुग्णाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिल्या दहा दिवसांत काही फरक नाही म्हणून गोळी फेकून देऊ नये. या पहिल्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास आधी येतात आणि गुण नंतर येतो, ही या औषधांची सर्वांत गैरसोयीची बाब आहे.

ॲबे फारिया आणि लटकी गोळी

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे: झगा घातलेला, हात पसरून एका स्त्रीवर झुकलेला पुरुष. ते कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले ॲबे फारिया. पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले आणि त्या काळी जे लोक हा सगळा एका अदृश्य चुंबकीय द्रवाचा खेळ मानत होते त्यांना सांगितले की द्रव वगैरे काही नाही, परिणाम घडतो तो त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या अपेक्षेतून आणि सूचनेतून. आपल्याकडच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते.

फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी ओळखलेली ही शक्ती नैराश्यात विशेष प्रभावी असते. साखरेची लटकी गोळी देऊन, तिला औषध म्हटले, आपुलकीने चौकशी केली आणि दर आठवड्याला बोलावले, तर बऱ्याच रुग्णांना खरोखर बरे वाटते. त्यामुळे खरे औषध लटक्या गोळीपेक्षा किती जास्त काम करते, हाच खरा प्रश्न. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आणि १ लाख १६ हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे लटक्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक मध्यम ते लहान होता. या एका वाक्याचे दोन अर्धे करून दोन बाजूंचे लोक भांडत असतात. सरासरी लहान असते ती काहींना खूप गुण येतो, काहींना थोडा आणि काहींना मुळीच नाही म्हणून असू शकते. आजार जितका तीव्र तितका औषधाचा लाभ उठून दिसतो.

पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात, असे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणजे पहिली गोळी लागू पडली नाही तर त्यात आश्चर्य नाही आणि निराश होण्याचेही कारण नाही. मात्रा वाढवणे, औषध बदलणे, जोडीला दुसरा उपचार देणे हे सगळे अजून शिल्लक असते. हे कोणी आधी सांगत नाही, आणि मग माणूस समजतो की आपलेच नशीब फुटके.

"सवय लागणार नाही ना?"

या प्रश्नाच्या मुळाशी बहुधा दोन वेगवेगळ्या गोळ्यांची सरमिसळ आहे. झोपेसाठी व घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच आराम देतात, पण काही आठवड्यांत शरीर त्यांना सरावते, मात्रा वाढवावीशी वाटते आणि सोडणे कठीण जाते. सवय लागते ती या गोळ्यांची, आणि गंमत अशी की शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या बिनधास्त घेतल्या जातात. नैराश्यावरच्या गोळीची तशी तलफ येत नाही, मात्रा वाढवत जाण्याची ओढ लागत नाही, नशाही होत नाही.

मात्र ती एकाएकी बंद केली तर त्रास होऊ शकतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी चमक अशा तक्रारी येतात. काहींना त्या सौम्य असतात, तर काहींना आठवडे पुरतात. म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू कमी करायचे असते. कामेच्छा कमी होणे हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि लाजेपोटी सांगितला जात नाही. मग माणूस कोणालाही न विचारता गोळी सोडतो. वयस्कांमध्ये रक्तातील सोडियम घटू शकते, आणि सांधेदुखीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांबरोबर पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. पंचविशीच्या आतल्या रुग्णांपैकी काहींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी दिलेला हा इशारा २००७ मध्ये पंचविशीच्या आतल्या तरुणांपर्यंत वाढवला गेला. अशा वेळी घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांनी लवकर पुन्हा बोलवावे.

"बरे वाटू लागले, आता गोळी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर खाजन शेती पाहिलेल्या माणसाला सांगणे सोपे आहे. बांध फुटला की खाडीचे खारे पाणी शेतात शिरते. माणसे धावतात, बांध घालतात, मानशीची, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे पुन्हा बसवतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे पूर्ववत झाल्यासारखे दिसते. पण मातीत मुरलेले मीठ धुऊन निघायला पाऊस पडावा लागतो, एक पावसाळाही नेहमी पुरत नाही. मनाची लक्षणे गेल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात ते यासाठी. ज्यांना आजार पुन्हा पुन्हा होतो त्यांना दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. मधेच सोडलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते.

नुसत्या बोलण्याने आजार कसा बरा होणार?

ही शंका प्रामाणिक आहे, कारण 'समुपदेशन' म्हणजे कोणीतरी समोर बसून चार धीराच्या गोष्टी सांगणार अशी आपली कल्पना असते. संवाद-उपचार तसे नसतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ॲरन बेक यांनी मांडलेल्या, 'सीबीटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत माणसाच्या मनात आपोआप उठणारे विचार कागदावर उतरवून त्यांची पारख केली जाते. "मुलाने फोन केला नाही, म्हणजे मी कोणालाच नको आहे" या वाक्यातला 'म्हणजे' किती खरा, हे तपासायला रुग्णाला शिकवतात. हे शिकणे आहे, म्हणून त्याला गृहपाठ असतो.

त्याहून साधा, आणि मला अधिक पटणारा, प्रकार म्हणजे 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन', मराठीत कृतीतून उभारी. ज्यांच्या परसात विहीर आणि विहिरीवर पंप आहे त्यांना तो लगेच कळेल. फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाइपातले पाणी उतरते. सकाळी बटण दाबले तर मोटर नुसती घरघरते, पाणी चढत नाही. पंपाने एअर धरलेली असते. तेव्हा झाकण काढून कळशीभर पाणी वरून ओतावे लागते, मग तो खालचे पाणी ओढू लागतो. नैराश्यात मनाचे नेमके असेच होते. आपण सगळे समजतो की आधी इच्छा होते आणि मग माणूस काम करतो. निरोगी माणसाचे तसे असेलही. नैराश्यात इच्छेची वाट पाहत बसले तर ती येत नाही. बसल्यामुळे दिवस रिकामा जातो, रिकाम्या दिवसामुळे अपराधी वाटते, अपराधीपणाने आणखी बसणे होते. हे चक्र तोडण्यासाठी इच्छेविना, ठरवून, अगदी लहान काम आधी करायचे. इच्छा नंतर येते, आणि पहिल्या काही वेळा येतही नाही.

"हे तर आमची आजीही सांगायची, उठ, कामाला लाग!" असा आक्षेप इथे घेतला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. फरक इतकाच की आजी कामाला लाग म्हणून मोकळी व्हायची. समुपदेशक ते काम किती लहान असावे हे रुग्णाबरोबर बसून ठरवतो. पूर्वी गावच्या भजनात झांजा वाजवणाऱ्या आणि सहा महिने देवळाकडे न फिरकलेल्या माणसाला 'भजनाला जा' असे सांगितले जात नाही. मंगळवारी संध्याकाळी सहाला आंघोळ करून सोप्यावर बसणे, एवढेच पहिले काम असू शकते. ते झाले का, झाल्यावर मन किती हलले हे वहीत लिहायचे, झाले नसेल तर काय आड आले ते शोधायचे. न झाल्याबद्दल रागावायचे नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. कारण रागावण्याचे काम रुग्णाचे मन आधीच चोवीस तास करीत असते.

या पद्धतीचा जगात गाजलेला एक पुरावा आपल्याच गोव्यातला आहे, आणि तो गोव्यात फारसा कोणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगथ' या संस्थेने, तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर अभ्यास केला. दोन्ही गटांतील रुग्णांच्या डॉक्टरांना निदान कळवून उपचारांची मार्गदर्शिका दिली होती. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचा 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' मिळाला, आणि तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती स्थानिक, मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेली, पण या कामासाठी खास शिकवलेली माणसे होती. बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून ती एकमेकांच्या कामाला गुण देत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला होता, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षानंतरही लाभ टिकून होता.

देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले होते. तेवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत आणि लवकर होणारही नाहीत. म्हणून आरोग्य केंद्रातल्या शिकवलेल्या माणसाकडून हे काम होते, हा गोव्याचा निष्कर्ष मोलाचा आहे.

चालणे, झोपणे, जेवणे आणि पिणे

दिनक्रम बदला हा सल्ला खरा आहे आणि तरी तो क्रूर होऊ शकतो. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही त्याला 'रोज पाच किलोमीटर चाला' म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिन्याने वर येऊन प्लास्टर घालून घे म्हणण्यासारखे आहे. व्यायामाचा गुण येतो, हे आता पुरेसे दिसून आले आहे. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २१८ अभ्यासांचा आढावा छापला आणि चालणे-धावणे, योगासने व ताकदीचे व्यायाम यांत चांगला लाभ दिसला. बरेचसे अभ्यास लहान होते, हे त्यात नमूदही आहे. पण हे सगळे करायला लागणारी शक्ती कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर वरच्या पंपात आहे: सुरुवात दहा मिनिटांनी, कोणीतरी सोबत घेऊन, ठरलेल्या वेळी.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर चालणे अवघड. दिवसेंदिवस पाऊस, बंद खिडक्या, घराला बुरशीचा वास. या महिन्यांत अनेकांचा फिरण्याचा नेम मोडतो आणि मग तो चतुर्थीनंतरही परत जुळत नाही. घरातला जिना, देवळाचा मंडप, गावच्या सभागृहात फुगडीचा किंवा घुमट-आरतीचा सराव यांचा विचार पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावा. फुगडीत तर व्यायाम आणि माणसांची संगत दोन्ही एकदम मिळतात.

झोपेचा नियम एकच सांगेन: रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. आहाराबाबत आपल्याला खूश करणारी बातमी नाही. मासळीत असणाऱ्या ओमेगा-३ मुळे नैराश्य टळते का, हे अमेरिकेत १८ हजारांहून अधिक प्रौढांना काही वर्षे कॅप्सूल देऊन पाहिले गेले आणि तसा लाभ दिसला नाही. हुमण, म्हणजे माशांचे कालवण, आवडते म्हणून खावे, औषध म्हणून नको.

दारूबद्दल मात्र अधिक बोलायला हवे, कारण गोव्यात ती सहज मिळते आणि तिला औषध समजण्याची आपली सवय जुनी आहे. झोप येत नाही म्हणून घेतलेले दोन पेग सुरुवातीला झोप आणतात, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडतात. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहणे हे नैराश्याचेही लक्षण आहे आणि दारूचेही. दारू मेंदूचे काम मंदावणारी आहे, त्यामुळे ती औषधाचा गुण खाते आणि आवेगाला मोकळी वाट देते. कित्येकदा दारू सोडल्यानंतर काही आठवड्यांतच अर्धे नैराश्य उतरते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात घरच्या घरी बंद करू नये. फेफरे येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

मग आधी काय?

आजार सौम्य असेल तर गोळीने सुरुवात करण्याची घाई नको. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही अशा रुग्णांना आधी संवाद-उपचार किंवा आखलेला व्यायाम द्यावा आणि गोळी रुग्णाने स्वतः पसंत केली तरच द्यावी असे म्हटले आहे. मध्यम व तीव्र आजारात गोळी आणि संवाद-उपचार एकत्र दिल्यास कोणत्याही एकापेक्षा अधिक गुण येतो. ज्याने खाणेपिणे सोडले आहे, जो बोलत नाही, ज्याच्या मनात मरणाचे पक्के बेत आहेत, त्याच्याशी विचारांची पारख करीत बसण्याची ती वेळ नसते. अशा वेळी औषध, रुग्णालय आणि गरज पडली तर विद्युत-उपचार. या शेवटच्या उपचाराचे चित्र सिनेमांनी भयंकर करून ठेवले आहे. प्रत्यक्षात तो भूल देऊन व स्नायू शिथिल करून दिला जातो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता तो करण्यास बंदी आहे, आणि तीव्र नैराश्यात तो सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे. उपचाराच्या आसपासच्या काळातील काही घटनांचा विसर पडणे हा त्याचा त्रास खरा आहे.

कौल, घाडी आणि बांबोळी

माणूस असा खंगू लागला की आपल्याकडे आधी देवाला कौल लावतात, दृष्ट काढतात, कधी घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेतात. मी त्यावर हसणार नाही. देवळात जाण्याने घराबाहेर पडणे होते, गाऱ्हाणे घातल्याने मनातले बोलले जाते, आणि सगळे कुटुंब आपल्यासाठी उभे आहे हे रुग्णाला दिसते. डॉक्टरांच्या उपचाराला त्याची अडचण होत नाही. अडचण होते ती गोळी बंद करायला सांगितले जाते तेव्हा, आणि महिने वाया जातात तेव्हा.

बांबोळी हे नावच ज्यांना भिववते त्यांनी हे लक्षात घ्यावे की तिथल्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत येणाऱ्यांत बाह्यरुग्ण विभागात दाखवून, चिठ्ठी घेऊन संध्याकाळी घरी परतणारे लोकही असतात. तेवढेही जमत नसेल तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना अंगदुखीबरोबर झोप, भूक आणि मनाची अवस्थाही सांगावी. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. खर्चाची चिंता असेल तर विमा कंपनीला विचारावे: मानसिक आजारांवरील उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे त्याच २०१७ च्या कायद्यात म्हटले आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे, हेही त्यातच आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला रुग्णालयात न्यायला उशीर करू नये.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण ती विचारायला सगळेच घाबरतात. "मरून जावे असे वाटते का?" असे सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे पहिल्यांदा कोणापुढे तरी उतरते. उत्तर 'हो' आले, तर वाद घालू नये, उपदेश करू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, काजूच्या बागायतीसाठी आणून ठेवलेले कीटकनाशक आणि घरातल्या गोळ्यांची पाकिटे कुलपात ठेवावीत, आणि गाडी बाहेर काढावी.